गोव्याच्या पावसात गाडी सुरू होईना, तेव्हा

पुण्याहून, कोल्हापूरहून किंवा बेळगावहून नोकरीसाठी गोव्यात आलेल्या माणसाला इथला पाऊस काय असतो ते पहिल्याच जूनमध्ये कळतं. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. वाळपई, सांगे अशा सह्याद्रीच्या पायथ्याच्या भागात तर त्याहून जास्त. या पावसात रोज कामाला जायचं म्हटलं की एखाद्या दिवशी गाडी हटून बसणारच. ज्यांनी आजवर बॉनेट फक्त वॉशरचं पाणी भरायला उघडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. पावसानंतर गाडी सुरू न होण्याची कारणं दोन गटांत पडतात. एका गटात पाणी इंजिनाच्या आत गेलेलं असतं. दुसऱ्या गटात ओल बाहेर कुठेतरी असते, म्हणजे वायरीत, बॅटरीच्या टोकांवर किंवा प्लगच्या खोबणीत. दुसऱ्या गटात तुम्ही चार वेळा सेल्फ मारलात तरी फार तर बॅटरी उतरते. पहिल्या गटात एकदा मारलात तरी इंजिन खोलायची वेळ येऊ शकते. म्हणून गाडी कोणत्या गटातली आहे ते ठरेपर्यंत किल्लीला हात लावू नका.

गाडी कुठून आली ते आठवा

रात्रभर नुसता पाऊस अंगावर घेत उभी असलेली गाडी सकाळी सुरू होत नसेल, तर इंजिनात पाणी असण्याची शक्यता जवळजवळ नाही. बॉनेटखालची हवा ओढणारी नळी वरून पडणाऱ्या पावसाचा विचार करूनच बसवलेली असते. अशा वेळी सरळ पुढे ‘किल्ली फिरवल्यावर’ या भागाकडे जा.

साचलेल्या पाण्यातून गाडी नेली असेल तर गोष्ट वेगळी. पणजीत भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की गटारातलं पाणी मांडवीत उतरत नाही, ते ‘१८ जून’ नावाच्या रस्त्यावर आणि मळा नावाच्या भागात तुंबतं. साखळी शहरात वाळवंटी नदी फुगली की बाजाराच्या बाजूला पाणी चढतं. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या, बांधालगतच्या रस्त्यांवर तर रस्ता कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होतं तेही दिसत नाही.

पाणी किती होतं हे घाबरलेल्या माणसाला आठवत नाही, पण गाडीवर ते लिहिलेलं असतं. इथल्या लाल मातीचं पाणी दारावर, बंपरवर एक स्पष्ट तांबडी रेघ सोडून जातं. ती पुसू नका, आधी तिचा फोटो काढा. रेघ चाकाच्या मध्याखाली असेल तर बहुधा धोका नाही. चाकाच्या मध्यापासून बंपरच्या वरच्या कडेपर्यंत असेल तर पुढच्या तपासण्या केल्याशिवाय सेल्फ नको. हेडलाइटपर्यंत असेल, किंवा गाडी पाण्यात असतानाच गचका देऊन बंद पडली असेल, तर इंजिनात पाणी गेलंय असंच धरून चाला. आणखी एक खूण जाळीवर मिळते. ग्रिलमध्ये गवत, पानं, प्लास्टिक अडकलेलं असेल तर पाणी तिथवर पोचलं होतं हे नक्की. लक्षात ठेवा, तुमच्या बाजूचं पाणी उथळ असलं तरी समोरून आलेल्या ट्रकची लाट बॉनेटवर चढते आणि तेवढ्या एका क्षणात नळी पाणी ओढते.

एका सेल्फने इंजिन कसं जातं

इंजिनात दट्ट्या (पिस्टन) वर येताना हवा दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. बाराशे सीसीच्या चार सिलिंडरच्या साध्या पेट्रोल गाडीत एका सिलिंडरचा वाटा ३०० सीसी. दट्ट्या पूर्ण वर आला की त्याच्या डोक्यावर उरणारी जागा जेमतेम ३० ते ३५ मिलिलिटर असते, म्हणजे दोन मोठे चमचे. त्याहून जास्त पाणी आत असेल तर दट्ट्याला वर जायला वाट नाही, आणि तरीही त्याला ढकललं तर त्याला खालून ढकलणारा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. डिझेलमध्ये दाब आणखी जास्त असल्याने ही जागा त्याहून कमी असते, त्यामुळे डिझेलवाल्यांनी दुप्पट सावध राहावं. मेकॅनिक याला हायड्रोलॉक म्हणतात.

वाईट म्हणजे थोडासा वाकलेला रॉड घेऊनही इंजिन सुरू होऊ शकतं. गाडी ठोकल्यासारखा आवाज करत काही दिवस चालते आणि मग एके दिवशी रॉड तुटून इंजिनाच्या भिंतीतून बाहेर येतो.

गोव्यात गाडी अडली की माणसं मदतीला धावतात. गुडघाभर पाण्यात उतरून ढकलतात आणि गाडी कडेला लागली की प्रेमाने म्हणतात, “पात्रांव, एकदां मारून पळयात.” त्यांचे मनापासून आभार माना आणि तरीही सेल्फ मारू नका. गियर टाकून धक्का मारून चालू करण्याचा प्रयत्न तर मुळीच नको, त्याने रॉडवर सेल्फपेक्षाही जास्त जोर येतो.

बॉनेट उघडून दोन तपासण्या

गाडी आधी उंच, कोरड्या जागी ढकलून न्या. इग्निशन बंद असू द्या. पार्किंगमध्ये रात्रभर पाण्यात बुडून राहिलेली गाडी असेल तर बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर आधी सोडवा, कारण ओल्या सर्किटमधून वीज वाहत राहिली की गाडीतली इलेक्ट्रॉनिक मॉड्युल जळतात. पाणी अजून चढत असेल तर गाडी सोडा आणि माणसं बाहेर काढा. रस्त्यावर वीजवाहिनी पडलेली दिसली तर त्या पाण्यात पाय घालू नका, ११२ ला फोन करा.

पहिली तपासणी एअर फिल्टरची. बॉनेटखाली सहसा एका बाजूला काळा, प्लास्टिकचा डबा असतो आणि त्यातून जाड नळी इंजिनाकडे गेलेली असते. डब्याच्या कडेच्या क्लिपा बोटांनी सुटतात, काही गाड्यांत स्क्रू असतात. झाकण उचला आणि कागदी फिल्टर बाहेर काढा. कागद कोरडा, धुळकट असेल तर चांगलं. कागद भिजून मऊ पडला असेल, घड्यांत लाल चिखल बसला असेल किंवा डब्याच्या तळाशी पाणी असेल, तर तिथेच थांबा. फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूच्या नळीतही बोट फिरवून बघा. तिथे ओलं लागलं तर शंकेला जागाच उरत नाही.

दुसरी तपासणी डिपस्टिकची, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायच्या पट्टीची. बहुतेक गाड्यांत तिला पिवळी कडी असते. ओढून काढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि काढा. तेल नेहमीच्या खुणेच्या बरंच वर दिसलं किंवा दुधाच्या चहासारखं फिकट दिसलं, तर तेलात पाणी मिसळलंय. ते तेल घेऊन इंजिन फिरवलं तर बेअरिंगं खराब होतात.

यातली एकही खूण दिसली तर पुढचं काम मेकॅनिकचं. तो पेट्रोल गाडीचे प्लग काढतो, डिझेल असेल तर इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढतो, इंजिन आधी हाताने फिरवून पाणी बाहेर येऊ देतो आणि मगच सेल्फ मारतो. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासायला सांगा. एखाद्या सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा कमी आला तर रॉड वाकल्याची शंका घ्यायची. वेळेवर थांबलेल्या गाडीचं काम अनेकदा तेल, फिल्टर आणि साफसफाई एवढ्यावर निभावतं.

किल्ली फिरवल्यावर

दोन्ही तपासण्या स्वच्छ असतील किंवा गाडी पाण्यातून गेलीच नसेल, तर आता किल्ली फिरवा आणि कान द्या.

काहीच होत नाही, डॅशबोर्डचे दिवेही लागत नाहीत: बॅटरी पूर्ण बसली आहे किंवा तिची क्लॅम्प सैल आहे. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी दिसते का बघा. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत ती लवकर धरते. क्लॅम्प हाताने हलत असेल तर घट्ट करा. भुकटी असेल तर आधी निगेटिव्ह सोडवा, मग पॉझिटिव्ह, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासा, पूर्ण कोरडं करा. जोडताना उलटा क्रम, आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह.

दिवे लागतात पण सेल्फचा आवाज नाही: ऑटोमॅटिक गाडी पी किंवा एन वर आहे ना, ब्रेक पूर्ण दाबलाय ना, मॅन्युअल असेल तर क्लच तळापर्यंत गेलाय ना, ते बघा. खूपशा गाड्या त्याशिवाय सेल्फ देतच नाहीत. बटणाची गाडी असेल आणि रिमोट पावसात भिजला असेल, तर डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकतं. रिमोट पुसून स्टार्ट बटणाला चिकटवून धरा आणि मग बटण दाबा.

कट-कट-कट असा जलद आवाज: बॅटरीत दम नाही. पावसात वायपर, हेडलाइट, ब्लोअर सगळं एकदम चालू असतं. चोडणला जायला रायबंदरच्या फेरीबोटीच्या रांगेत इंजिन बंद ठेवून दिवे, वायपर आणि गाणी चालू ठेवली की जुनी बॅटरी बसते. मल्टिमीटर असेल तर मोजा. उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ च्या आसपास म्हणजे रिकामी. दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवरून जंप करताना लाल वायर आधी बसलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. गाडी सुरू झाल्यावर व्होल्टेज १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं पाहिजे. १२ वरच राहिलं तर अल्टरनेटर चार्ज करत नाही, आणि ती गाडी घेऊन चोर्ला घाट चढायला जाऊ नका.

एकच ‘ठक’, आणि पुढे काही नाही: इथे हात आवरा. सेल्फची मोटर खाली बसवलेली असते, ती भिजली असेल. पण इंजिन पाण्याने अडलं असेल तरीही नेमका असाच आवाज येतो. पाण्यातून आलेली गाडी असेल तर दुसऱ्यांदा प्रयत्न करू नका.

सेल्फ जोरात फिरतो पण गाडी पकडत नाही: पावसाळ्यात हेच सर्वाधिक दिसतं, म्हणून यावर जरा सविस्तर.

सेल्फ फिरतो, गाडी पकडत नाही

एका वेळी पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. तीनदा करूनही पकडली नाही तर सेल्फ सोडा आणि शोधाला लागा.

पेट्रोल गाडीत पहिला संशय ठिणगीवर. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर ठिणगीसाठी वीज देणारी एक कॉइल बसलेली असते आणि ती इंजिनाच्या वरच्या भागातल्या खोल खोबणीत उतरते. बॉनेटच्या कडेचं रबर फाटलं असेल किंवा कुणी प्रेशरने इंजिन धुतलं असेल तर त्या खोबणीत पाणी साचतं. इग्निशन बंद करा. कॉइलचा छोटा प्लास्टिकचा कनेक्टर दाबून सोडवा, एक बोल्ट काढा आणि कॉइल सरळ वर ओढा. तिच्या खालच्या रबरी नळीवर पाण्याचे थेंब चिकटलेले दिसतील, कधी रबरावर विजेने जाळलेली केसाएवढी पांढरट रेघ दिसेल. ती रेघ म्हणजे ठिणगी प्लगमध्ये न जाता बाजूने पळून जाण्याची वाट. ओल नुसती असेल तर कोरड्या सुती फडक्याने पुसा, खोबणीत कापड काडीला गुंडाळून फिरवा, टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप असेल तर त्याची हवा मारा. रेघ पडली असेल तर कॉइल किंवा तिचं रबर बदलावं लागतं. जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी असेल तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून आतून पुसा आणि प्लगच्या जाड वायरी कोरड्या करा. इंजिन फिरत असताना या वायरींना हात लावायचा नाही, त्यात हजारो व्होल्ट असतात.

ठिणगी ठीक वाटत असेल तर पेट्रोल पोचतंय का ऐका. किल्ली ऑनवर न्या, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण आली पाहिजे, तो पंप. आवाज नसेल तर फ्यूज आणि रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा छोटा चौकोनी स्विच) बघा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा छापलेला असतो. हॉर्नचा रिले त्याच आकाराचा, त्याच नंबरचा असेल तर तो पंपाच्या जागी लावून पाहता येतो. बॉक्समध्येच पाणी दिसलं तर काही अदलाबदल न करता आधी कोरडं करा.

डिझेलमध्ये ठिणगी नसते, तिथे आधी ग्लो प्लगचा वेटोळ्यासारखा दिवा विझू द्या आणि मग सेल्फ मारा. डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा दिवा लागला असेल तर फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढायचं असतं, पण नवख्याने ते मेकॅनिकसमोर एकदा पाहून मगच करावं. आत हवा शिरली की गाडी आणखी हट्टी होते.

एक कारण पावसाशी थेट जोडलेलं वाटत नाही, पण पावसाळ्यातच येतं: उंदीर. शेतं पाण्याखाली गेली की ते कोरडी जागा शोधतात आणि बॉनेटखालची ऊब त्यांना आवडते. लेंड्या, सुक्या गवताचं घरटं, कुरतडलेलं इन्सुलेशन दिसलं तर सेल्फ मारत बसू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. माड किंवा फणसाखाली, गवतालगत गाडी लावणाऱ्यांनी दर आठवड्याला बॉनेट उघडून बघावं.

सुरू होते पण थरथरते आणि इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकतो: एक सिलिंडर पेटत नाही, बहुधा भिजलेल्या कॉइलमुळेच. तशीच पळवली तर न जळलेलं पेट्रोल धुराच्या नळीतल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला खराब करतं. बंद करा आणि कोरडं करा.

खारं पाणी

पणजी, रायबंदर, शापोरा किंवा साळ नदीच्या काठी साचलेलं पाणी नुसतं पावसाचं नसतं, त्यात भरतीचं खारं पाणी असतं. गोडं पाणी वाळलं की बहुतेक कनेक्टर पुन्हा चालतात. खारं पाणी वाळल्यावर मीठ मागे राहतं आणि तांब्याच्या पिना हिरव्या पडत जातात. म्हणून अशा पाण्यातून आलेली गाडी सुरू झाली तरी त्याच आठवड्यात गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवून घ्या आणि खालच्या बाजूचे कनेक्टर इलेक्ट्रिशियनकडून साफ करून घ्या.

टो करायची वेळ आली तर

ऑटोमॅटिक गाडी इंजिनाने फिरणारी चाकं रस्त्यावर ठेवून ओढली तर गियरबॉक्स जळू शकतो. सपाट ट्रकवर चढवूनच न्यायला सांगा. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी पाण्यात बुडाली असेल तर नारिंगी केबलला हात लावायचा नाही, चार्जर लावून बघायचं नाही, थेट कंपनीच्या रोडसाइड मदतीला बोलवायचं. राष्ट्रीय महामार्गावर, म्हणजे ६६ नंबरच्या रस्त्यावर किंवा अनमोडच्या बाजूला अडलात तर १०३३ ही महामार्गाची हेल्पलाइन आहे. घाटात वळणावर बंद पडली तर हझार्ड दिवे लावा, त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवा आणि गाडीत न बसता रस्त्यापासून बाजूला, पण दरडीखाली नाही, अशा सुरक्षित जागी उभे राहा. चोर्ल्यात खूप ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून टोवाल्याचा नंबर कागदावर लिहून डॅशबोर्डमध्ये ठेवलेला बरा, आणि दुसरी प्रत मागे घरी.

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली, म्हणजे भाड्याची गाडी असेल तर काहीही खोलण्याआधी मालकाला फोन करा.

विम्याचं एवढंच. गाडी हलवण्याआधी पाण्यात उभ्या गाडीचे, त्या तांबड्या रेघेचे आणि नंबर पाटीचे फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं (फक्त थर्ड पार्टी पॉलिसीत नसतं), पण पाण्यानंतर सेल्फ मारून इंजिन मोडलं तर ते ‘नंतर ओढवून घेतलेलं’ नुकसान म्हणून बहुधा नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर मिळतं. गोव्यात राहणार असाल तर मे महिन्यातच पॉलिसीचे कागद वाचून बघा, त्यात ते आहे की नाही. नसेल तर पुढच्या नूतनीकरणाला घ्या.

सुरू झाल्यावर

लगेच पळवू नका. दहा मिनिटं उभ्या जागी चालू ठेवा आणि आवाज ऐका. टक-टक ठोका येत असेल तर बंद करा. नसेल तर मोकळ्या रस्त्यावर हळू जाताना ब्रेक हलकेच दोन-चार वेळा दाबा, म्हणजे डिस्कवरचं पाणी उडतं. भिजलेली गाडी रात्री सपाट जागी लावताना हँडब्रेक न ओढता गियरमध्ये ठेवा, नाहीतर सकाळी ब्रेक चिकटलेले असतात. पायाखालचा गालिचा उचलून खालचा फोम दाबून बघा. काही गाड्यांत सीटखाली किंवा डॅशबोर्डखाली कंट्रोल युनिट बसवलेलं असतं, आणि तो फोम जुलैच्या हवेत आपोआप वाळत नाही. दारं उघडी ठेवून पंखा लावावा लागतो. दोन दिवसांनी डिपस्टिक पुन्हा काढा. गाडी चाकाच्या मध्याच्या वरच्या पाण्यातून गेली असेल तर गियरबॉक्सचं तेलही तपासून घ्या, कारण गरम गियरबॉक्स थंड पाण्यात गेला की श्वास घ्यायच्या छोट्या नळीतून पाणी आत ओढतो.